कर्ज कशानें फिटतें ?

कर्ज ही वस्तु आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. पेढीवर बसणारा व्यापारी असो, कीं महिन्याच्या ठराविक पगारावर घर चालविणारा कारकून असो, आयुष्यांत कधीं ना कधीं दुसऱ्याच्या वहींत आपलें नांव लिहून घेण्याचा प्रसंग बहुतेकांवर येतो. कोणाचें कर्ज धंद्याच्या वाढीसाठीं असतें, कोणाचें लग्नकार्यासाठीं, कोणाचें आजारपणामुळें, तर कोणाचें केवळ भिडेखातर दुसऱ्याच्या कागदावर केलेल्या सहीमुळें. यांपैकीं कोणत्याही कर्जांत मूळचें पाप नाहीं. परंतु कर्ज अंगावर आल्यानंतर माणसाच्या मनांत एक विचार हळूच शिरतो, त्याजविषयीं आज आम्हांस लिहावयाचें आहे. तो विचार असा कीं, कोठून तरी एक मोठी रक्कम एकदम हातीं यावी आणि सारें देणें एका दिवसांत चुकवून मोकळें व्हावें. हा विचार प्रामाणिक दिसतो, कारण त्यांत देणें बुडविण्याची इच्छा नसते. तथापि सट्ट्याच्या आणि जुगाराच्या दारापर्यंत जितकीं माणसें लोभानें जातात, तितकींच या प्रामाणिक दिसणाऱ्या विचारानेंही जात असावींत, असें आम्हांस वाटतें.

या गोष्टीचें ठळक उदाहरण पाहावयाचें असल्यास रशियाचा सुप्रसिद्ध कादंबरीकार फ्योदोर मिखाइलोविच दोस्तोव्हस्की याचें चरित्र पाहावें. त्याच्या ग्रंथांची थोरवी जगानें केव्हांच मान्य केली आहे आणि तिची चर्चा करण्याचें हें स्थळ नव्हे. ग्रंथकाराचा नव्हे, ऋणकोचा वृत्तांत आम्ही येथें सांगत आहों. त्याचें कर्ज वाढलें कशानें आणि अखेरीस फिटलें कशानें, एवढेंच वाचकांनीं लक्षांत घ्यावें. (रशियांतील तारखा तेथील त्या वेळच्या जुन्या पंचांगाप्रमाणें दिल्या आहेत.)

दोस्तोव्हस्कीचा जन्म १८२१ सालीं मॉस्को येथें झाला. त्याचा बाप गोरगरिबांच्या एका इस्पितळांत डॉक्टर होता. सेंट पीटर्सबर्ग येथील लष्करी इंजिनियरिंगच्या शाळेंत शिक्षण पुरें करून मुलगा सरकारी नोकरींत शिरला. पण लेखनाच्या ओढीनें १८४४ सालीं त्यानें ती नोकरी सोडली. त्याच सुमारास वडिलांच्या मिळकतींतील आपला हिस्सा त्यानें अवघ्या १००० रुबलांवर सोडून दिला. हळूहळू मिळणाऱ्या उत्पन्नापेक्षां आज हातीं पडणारी रोख रक्कम त्यास अधिक मोलाची वाटली. ही गोष्ट तारुण्यांतील म्हणून सोडून देतां येईल. परंतु पुढें जें घडलें त्याचें बीज येथेंच दिसतें.

१८४६ सालीं त्याची पहिली कादंबरी प्रसिद्ध होऊन त्याचें नांव झालें. १८४९ सालीं राजद्रोही मंडळींत बसत-उठत असल्याच्या आरोपावरून त्यास पकडण्यांत आलें. डिसेंबरच्या २२ तारखेस त्यास इतर कैद्यांसह वधस्थानीं उभें केलें आणि गोळ्या सुटावयाच्या तेवढ्यांत बादशहाच्या माफीचा हुकूम वाचून दाखविण्यांत आला. पुढें चार वर्षें सैबेरियांत ओम्स्क येथें पायांत बेड्या घालून सक्तमजुरी व त्यानंतर साध्या शिपायाची चाकरी भोगून तो १८५९ च्या अखेरीस राजधानींत परत आला. ज्यानें मृत्यु इतक्या जवळून पाहिला, त्यास पैशाची भीति ती काय वाटणार, असें वाचकांस वाटेल. पण मरणास न भिणारा मनुष्यही सावकाराच्या पावलांचा आवाज ऐकून दचकतो, हें या चरित्रांत पुढें दिसून येईल.

परत आल्यावर त्यानें आपला वडील भाऊ मिखाइल याच्याबरोबर १८६१ पासून एक मासिक चालविलें. तें चांगलें चालत असतां १८६३ सालीं पोलंडविषयींच्या एका लेखावरून सरकारनें तें बंद केलें. दोघां भावांनीं १८६४ सालीं दुसरें मासिक काढलें. त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत दोस्तोव्हस्कीची पहिली पत्नी क्षयानें वारली आणि जुलै महिन्यांत मिखाइलही एकाएकीं निवर्तला. भावाच्या पेटींत अवघे ३०० रुबल निघाले; ते त्याच्या उत्तरकार्यासच लागले. मागें विधवा, मुलें आणि सुमारें २५००० रुबलांचें देणें राहिलें. त्यांतील १०००० चें देणें दूरच्या मुदतीचें असून त्याचा तगादा लगेच लागण्यासारखा नव्हता. पण उरलेल्या १५००० च्या वचनचिठ्ठ्यांची मुदत जवळ येत होती.

अशा वेळीं व्यवहारी मनुष्यानें काय केलें असतें ? धनकोंस एकत्र बोलावून, मासिकाची मालमत्ता त्यांच्यापुढें ठेवून तडजोड केली असती. दोस्तोव्हस्कीनें तसें केलें नाहीं. भावाच्या नांवास बट्टा लागूं नये आणि त्याचीं मुलें उघडीं पडूं नयेत, म्हणून त्यानें सारा भार स्वतःच्या शिरावर घेतला. आपल्या धनाढ्य मावशीकडून १०००० रुबल उचलून तेही त्यानें त्या बुडत्या मासिकांत घातले. १८६५ सालीं मासिक बंद पडलें. त्याहून मोठी चूक निराळीच होती. मिखाइलकडे आपलें येणें आहे असें सांगत जो येई, त्याच्याजवळ दस्तऐवज आहे कीं नाहीं, साक्षीदार कोण, मूळ रक्कम किती, हें न विचारतां हा भोळा मनुष्य स्वतःच्या सहीची चिठ्ठी लिहून देई. यांतील कांहीं मागण्या खोट्या होत्या, असें त्याच्या दुसऱ्या पत्नीनें आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे. बंधुप्रेम हा मोठा गुण खरा. पण वही न पाहतां केलेली सही हा त्या गुणाचा भाग नव्हे. आपल्याकडेही भिडेनें जामीन राहून घर गमावलेलीं कुटुंबें प्रत्येक गांवांत दाखवितां येतील. त्यांनीं या प्रसंगाचा विचार करावा.

याच १८६५ सालाच्या उन्हाळ्यांत हजारों मैल दूर आपल्या मुंबईंत काय चाललें होतें, हें येथें आठवल्यावांचून राहवत नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचा भाव चढून मुंबईंत पैशाचा पूर आला होता. बॅक बे कंपनीचा ५००० रुपयांचा भाग ५०००० रुपयांच्या घरांत गेला होता. युद्ध संपलें, कापूस उतरला, आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशीं थोरथोर पेढ्यांचें दिवाळें निघालें. त्या वेळच्या मुंबईकरांपैकीं कित्येकांची समजूत हीच होती कीं, एवढा एक वायदा पार पडला म्हणजे मागचें सारें निस्तरेल.

दोस्तोव्हस्कीची समजूतही तीच होती आणि तिला एका अनुभवाचा आधार मिळाला होता. १८६३ सालीं जर्मनींतील वीसबाडेन येथें त्यानें जुगाराच्या चक्रावर १०००० फ्रँकांहून अधिक रक्कम जिंकली होती. त्यांतील कांहीं पैसे त्यानें आजारी पत्नीसाठीं घरीं पाठविले आणि बाकीचे पुन्हां खेळून घालविले. जुगाऱ्याचें खरें नुकसान हरण्यानें होत नाहीं. पहिल्या मोठ्या जितीनें होतें. डोकें थंड ठेवून खेळल्यास हमखास जिंकतां येतें, आपण हरतों तें केवळ मनाच्या उतावळेपणामुळें, अशी त्याची पक्की समजूत झाली आणि ती पुढें आठ वर्षें सुटली नाहीं.

ही समजूत किती पोकळ आहे, हें व्यापाऱ्यांस त्रैराशिकानें दाखवितां येईल. ज्या चक्रावर ३६ आंकडे आणि एक शून्य अशीं ३७ घरें असतात, त्यांत एका आंकड्यावर रुपया लावून तो लागल्यास ३५ रुपये नफा व मूळचा एक रुपया मिळून ३६ हातीं येतात. सदतीस वेळां रुपया लावावा, तर सरासरीनें छत्तीस परत यावयाचे. म्हणजे खेळणारा शांत असो वा उतावळा, गादीची पट्टी शेंकडा सुमारें २.७ ठरलेली. आमचे वाचक म्हणतील कीं हें तर बेताचेंच व्याज झालें. पण सावकाराचें व्याज महिन्याचें किंवा वर्षाचें असतें. हें व्याज प्रत्येक डावास आहे आणि डाव दर कांहीं मिनिटांनीं फिरतो. शंभर रुपये चाळीस वेळां फिरवून लावले, तर एकूण ४००० रुपये पणास लागले आणि सरासरीनें १०८ रुपये गादीकडे गेले; म्हणजे मूळ भांडवलापेक्षां आठ रुपये अधिक ! कोणत्याही पठाणानें असें व्याज घेतल्याचें आम्हीं ऐकलेलें नाहीं.

१८६५ च्या उन्हाळ्यांत धनको जप्ती व तुरुंगाची धमकी देऊं लागले, तेव्हां दोस्तोव्हस्कीनें स्टेलोव्हस्की नांवाच्या प्रकाशकाशीं एक करार केला. आजवरच्या सर्व ग्रंथांची एक आवृत्ति काढण्याचा हक्क देऊन त्यानें ३००० रुबल घेतले. त्यांतील एक कलम मात्र असें होतें कीं, १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी हातीं न आल्यास पुढील नऊ वर्षें लेखक जें कांहीं लिहील तें प्रकाशकानें फुकट छापावें. शिवाय या प्रकाशकानें दोस्तोव्हस्कीच्या चिठ्ठ्या बाजारांत मातीच्या मोलानें आधींच विकत घेऊन ठेविल्या होत्या, आणि एका हातानें दिलेले पैसे दुसऱ्या हातानें पुरे वसूल करून घेतले, असें त्या आठवणींत नमूद आहे. जो मनुष्य आपल्या सह्यांची नोंद ठेवीत नाहीं, त्याच्या सह्यांचा व्यापार दुसरे करितात.

देणीं भागवून व नातलगांस देऊन उरलेले सुमारें पावणेदोनशें रुबल घेऊन तो वीसबाडेन येथें गेला. पांच दिवसांत सर्व पैसे व खिशांतील घड्याळही गेलें. खाणावळीच्या मालकानें जेवण बंद करून केवळ चहा देण्यास सुरुवात केली. पुढें मेणबत्तीही मिळेना. त्यानें परिचितांस पत्रें धाडलीं. कादंबरीकार तुर्गेन्येव्ह याजकडे त्यानें १०० थॅलर, म्हणजे जर्मन चांदीचीं नाणीं, मागितलीं. त्यानें ५० पाठविलीं. हें देणें सुमारें दहा वर्षांनीं फिटलें. आणि फेडतांना, आपण १०० दिले होते अशी देणाऱ्याची आठवण, ५० च घेतले होते अशी घेणाऱ्याची आठवण, असा वाद उपस्थित झाला. अखेर तुर्गेन्येव्हचेंच जुनें पत्र दोस्तोव्हस्कीच्या पत्नीनें कागदपत्रांतून शोधून काढलें, त्यांत ५० हा आंकडा निघाला आणि वाद मिटला. दोन थोर लेखकांची स्मरणशक्ति एकीकडे आणि कागदाचा एक तुकडा दुसरीकडे. निकाल कागदानें लागला.

येथें एक सूक्ष्म गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. जुगाराच्या गादीवर उधारी चालत नाहीं. हरलेला पण तेथल्या तेथें चुकता होतो. म्हणून जुगारी मनुष्य स्वतःची अशी समजूत घालतो कीं, माझें येथें कोणाचें देणें राहिलें नाहीं. देणें राहतें तें अन्यत्र. खाणावळवाल्याचें, मित्राचें, सोनाराचें, बायकोचें. गादी आपला पैसा रोखीनें घेते आणि तिची उधारी घरानें फेडावयाची असते.

त्याच खाणावळींत, त्याच उपासमारींत, गरिबीनें पिसाळून एका सावकारणीचा खून करणाऱ्या विद्यार्थ्याची कथा त्याच्या मनांत आकारास आली. मॉस्कोच्या एका मासिकाच्या संपादकास तिची कल्पना कळवून त्यानें ३०० रुबल आगाऊ मिळविले. तीच त्याची ‘गुन्हा आणि शिक्षा’ ही जगप्रसिद्ध कादंबरी. ती १८६६ सालीं क्रमशः प्रसिद्ध झाली. परंतु ती लिहीत असतां स्टेलोव्हस्कीच्या कराराची मुदत जवळ आली. ऑक्टोबर उजाडला तरी दुसऱ्या कादंबरीची एक ओळही झाली नव्हती. मित्रांच्या सल्ल्यानें त्यानें लघुलेखनाची मदत घेण्याचें ठरविलें, आणि ४ ऑक्टोबर रोजीं आना ग्रिगोर्येव्ना स्नित्किना नांवाची वीस वर्षांची विद्यार्थिनी पेन्सिल-कागद घेऊन त्याच्या दारीं आली. हा तोंडानें सांगे, ती लघुलिपींत उतरून घेई आणि घरीं जाऊन स्वच्छ प्रत करी. सव्वीस दिवसांत ‘जुगारी’ ही कादंबरी पुरी झाली. हस्तलिखित घेऊन गेल्यावर प्रकाशक मुद्दाम परगांवीं गेलेला. कचेरींतील मनुष्य तें घेईना. पण आनाच्या आईनें आधींच वकिलाचा सल्ला घेतला होता. त्याप्रमाणें मुदत संपण्यास दोन तास राहिले असतां हस्तलिखित पोलीस अधिकाऱ्याच्या स्वाधीन करून दोस्तोव्हस्कीनें रीतसर पावती घेतली आणि नऊ वर्षांची गुलामगिरी टळली.

कित्येक रसिक म्हणतात कीं, जुगार नसता तर ही कादंबरी जगास मिळाली नसती. तेव्हां हें व्यसन एका परीनें उपकारकच होय. आम्हांस हें मान्य नाहीं. चक्रापुढें हजारों माणसें बसलीं. त्यांतून कादंबरी एकानें लिहिली. ती लिहून झाली ती ठरलेल्या मुदतीमुळें, रोजच्या बैठकीमुळें आणि एका मुलीच्या नेटक्या प्रतीमुळें. आणि संकट टळलें तें वकिलाच्या सल्ल्यानें व पावतीनें. यांतील एकही वस्तु जुगाराच्या गादीवर मिळत नाहीं.

१८६७ च्या फेब्रुवारींत दोस्तोव्हस्कीनें आनाशीं विवाह केला. तो पंचेचाळीस वर्षांचा, ती वीस वर्षांची. घरांत पहिल्या पत्नीचा मुलगा, भावाची विधवा व मुलें यांच्या मागण्या, आणि दाराशीं धनको. पतीची प्रकृति फेंफऱ्याच्या विकारानें खालावलेली. आनानें आपलें माहेरचें सामान, पियानो, चांदीचीं भांडीं व उंची कपडे गहाण ठेवून प्रवासाचा खर्च उभा केला आणि एप्रिलमध्यें दोघें परदेशीं गेलीं. तीन महिन्यांसाठीं म्हणून निघालेलीं तीं चार वर्षांवर परत आलीं नाहींत, कारण परत आल्यास कर्जाचा तुरुंग समोर होता.

त्या उन्हाळ्यांत बाडेन येथें त्यांनीं जे सुमारें सात आठवडे काढले, त्यांचा वृत्तांत आनानें आपल्या लघुलिपींतील रोजनिशींत लिहून ठेविला आहे. नवरा सकाळीं पैसे घेऊन जाई, दुपारीं हरून येई, तिच्यापुढें गुडघे टेकून क्षमा मागे आणि पुन्हां पैसे मागे. लग्नांत त्यानेंच दिलेली कर्णभूषणें व हिऱ्यामाणकांची पिन गहाण पडली ती परत आलीच नाहीं. अंगठ्या गेल्या, आल्या व पुन्हां गेल्या. शेवटीं कपडेही गेले. मधूनच मोठी जीतही होई, आणि तीच अधिक घातक ठरे. आपल्याकडे धर्मराजानें राज्य, भाऊ, स्वतः आणि द्रौपदी अशा क्रमानें सारें पणास लावल्याची कथा लहान मुलांसही ठाऊक आहे. धर्मराज खोटें न बोलणारा होता. हाही मनुष्य लबाड नव्हता. सत्यनिष्ठा जुगारापासून वांचवीत नाहीं, हेंच दोन्ही कथांत दिसतें.

पुढें जिनिव्हा येथें त्यांस पहिली मुलगी झाली आणि तीन महिन्यांची होऊन १८६८ सालीं आजारानें वारली. या दुःखांतही लेखन चालू राहिलें, आगाऊ रकमा येत राहिल्या आणि त्या येण्यापूर्वींच खर्चींही पडत राहिल्या. अखेर १८७१ च्या एप्रिलमध्यें, ड्रेस्डेन येथें राहत असतां, पति फार खिन्न झालेला पाहून आनानेंच घरांतील ३०० थॅलरांपैकीं १०० त्याच्या हातीं दिले आणि वीसबाडेनला जाऊन येण्यास सांगितलें. ते परत येणार नाहींत, हें तिला ठाऊक होतें. ते गेले. परतीच्या प्रवासासाठीं तिनें ३० थॅलर पाठविले, तेही गेले. त्या रात्रीं त्यानें पत्नीस पत्र लिहून, आपल्या मनावरील हें भूत कायमचें उतरलें असें कळविलें. अशीं वचनें त्यानें पूर्वीं अनेकदां दिलीं व मोडलीं होतीं; पण हें मात्र त्यानें पाळलें. त्यानंतर जन्मभर तो जुगार खेळला नाहीं. जर्मनींतील जुगारगृहें कायद्यानें बंद झालीं तीं १८७२ च्या अखेरीस. म्हणजे त्याचें व्यसन कायद्यापूर्वीं सुटलें होतें. कशानें सुटलें याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, घरांत शिव्याशापांऐवजीं विश्वास होता आणि हिशेब ठेवणारें कोणी तरी होतें.

१८७१ च्या जुलैमध्यें कुटुंब पीटर्सबर्गला परत आलें. ग्रंथकार आल्याची बातमी वर्तमानपत्रांत येतांच धनको दाराशीं जमले. व्याजासह देणें पुन्हां २५००० च्या घरांत होतें. येथून या चरित्राचा आमच्या वाचकांस सर्वांत उपयोगी असा भाग सुरू होतो. आनानें ठरविलें कीं, यापुढें धनकोंशीं बोलावयाचें तें आपण, पतीनें लिहावें. एक व्यापारी जप्तीची व तुरुंगाची धमकी घेऊन आला, तेव्हां तिनें त्यास शांतपणें समजाविलें कीं, घर तिच्या नांवें भाड्यानें घेतलेलें आहे, सामान हप्त्यानें आणलेलें आहे, म्हणून जप्त करण्यासारखें कांहीं नाहीं. पतीस तुरुंगांत घातल्यास तो तेथें निवांत बसून लिहील, आणि कायद्याप्रमाणें कैद्याच्या पोटाचा खर्च मात्र धनकोसच द्यावा लागेल. आपल्याकडील दिवाणी कायद्यांतही ऋणकोस तुरुंगांत ठेवावयाचें तर धनकोस भत्ता भरावा लागतो, हें व्यापाऱ्यांस माहीत आहे. तो गृहस्थ मुकाट्यानें हप्ते घेण्यास कबूल झाला. अशा रीतीनें एकेका धनकोशीं तिनें हप्ते बांधून घेतले, आणि जेवढें देतां येईल तेवढेंच वचन दिलें.

हप्ते भरावयास उत्पन्न नियमित हवें. आनानें पुस्तकांच्या दुकानांतून गिऱ्हाईक म्हणून हिंडून कमिशन किती, कागद कोणता, छपाईचा दर काय, उधारी किती महिन्यांची, याची बारीक चौकशी केली आणि १८७३ च्या जानेवारींत पतीची नवी कादंबरी स्वतःच प्रसिद्ध केली. प्रती ३५०० छापल्या. दुकानदारांस ठराविक कमिशन द्यावयाचें, पण माल रोखीनेंच सोडावयाचा, हा नियम तिनें पहिल्या दिवसापासून पाळला. त्या दिवशीं घरांतूनच ११५ प्रती खपल्या. आणि त्या आवृत्तींत खर्च वजा जातां ४००० रुबलांवर नफा राहिला. जो नफा पूर्वीं प्रकाशकाच्या घरीं जात असे, तो आतां स्वतःच्या घरीं राहूं लागला. पुढें त्याच्या इतर ग्रंथांच्या आवृत्त्याही तिनेंच काढल्या आणि १८८० सालीं परगांवच्या गिऱ्हाइकांसाठीं पुस्तकविक्रीची पेढीही उघडली. वाचकांनीं लक्षांत ठेवावें कीं, ही बाई कोणा व्यापाऱ्याच्या घरांत धंदा शिकलेली नव्हती. तिला शिक्षण मिळालें होतें, हिशेब येत होता, आणि नवऱ्यानें किल्ल्या तिच्या हातीं दिल्या होत्या. आमच्याकडे जी मंडळी मुलींच्या शिक्षणावर खर्च कशास करावा असें अजूनही विचारतात, त्यांस या उदाहरणाहून अधिक रोकडें उत्तर देतां येणार नाहीं.

२८ जानेवारी १८८१ रोजीं दोस्तोव्हस्की वारला. त्याच्या प्रेतयात्रेस हजारों लोक लोटले होते. त्यापूर्वीं सुमारें एक वर्ष, म्हणजे लग्नानंतर तेरा वर्षांनीं, शेवटच्या धनकोची शेवटची पै फिटली होती. जगाच्या दृष्टीनें त्याच्या शेवटच्या वर्षांतील मोठी गोष्ट म्हणजे ‘कारामाझोव्ह बंधु’ ही कादंबरी पुरी झाली ही होय, आणि तें खरेंच आहे. पण गृहस्थाश्रमी माणसाच्या दृष्टीनें, थोडे दिवस का होईना, तो अनृणी होऊन जगला, ही गोष्टही लहान नव्हे. आना पतीमागें सदतीस वर्षें जगून १९१८ सालीं वारली. तोंपर्यंत तिनें त्याचे ग्रंथ व कागदपत्र सांभाळण्याचेंच काम केलें.

आतां जमाखर्च मांडूं. चक्रावर त्यानें जें मिळविलें त्यांतून एकही धनको कायमचा वारला नाहीं. उलट पत्नीचे दागिने, मित्रांचा विश्वास आणि कित्येक महिन्यांचें लेखन खर्चीं पडलें. दुसऱ्या बाजूस वकिलाचा सल्ला, पोलिसाची पावती, जुनें पत्र, हप्त्यांचे करार आणि रोखीची विक्री. ज्या कर्जास एका डावांत फेडण्याच्या नादांत आठ वर्षें गेलीं, तें हप्त्याहप्त्यानें नऊ वर्षांत फिटलें. एका दिवसांत फिटणारें कर्ज त्यास कधीं भेटलें नाहीं. आम्हांसही भेटल्याचें स्मरत नाहीं.

वीसबाडेनचें चक्र त्या काळीं गांठावयाचें तर आगगाडीनें दोन देश ओलांडावे लागत. आज तसलें चक्र माणसाच्या खिशांतील मोबाईलवर फिरूं शकतें. रात्रीं दोन वाजतां, अंथरुणांत पडल्या पडल्या, शेजारीं निजलेल्या पत्नीस न कळतां. ऑगस्ट २०२५ मध्यें आपल्या पार्लमेंटनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला. कायदा असावाच, पण जर्मनींतील जुगारगृहें बंद झालीं म्हणून दोस्तोव्हस्की सुटला नाहीं, हें वर सांगितलेंच आहे. ज्याच्या मनांत एका डावांत सारें फेडण्याचा विचार घर करून आहे, त्यास एक दार बंद झालें तर दुसरें सांपडतें.

म्हणून आमची विनंति अशी. ज्याच्या अंगावर देणें आहे, त्यानें आज रात्रीं घरांतील दिवा लावून आपल्या पत्नीजवळ, आईजवळ किंवा भावाजवळ बसावें आणि कोणाचें किती, व्याज काय, मुदत केव्हांची, हें एका कागदावर लिहून काढावें. लाज वाटेल, वाटूं द्यावी. आंकडा पाहून छातींत धस्स होईल, होऊं द्यावें. मग धनकोस तोंड चुकविण्याऐवजीं त्याच्याकडे जाऊन, जो हप्ता खरोखर देतां येईल तोच बोलावा. आणि धनको मंडळींसही आमचें सांगणें आहे कीं, तुरुंगाची धमकी देऊन मनुष्य सट्ट्याकडे पळतो. हप्ता बांधून दिल्यास तो कामाकडे वळतो. पीटर्सबर्गच्या त्या व्यापाऱ्यास ही गोष्ट एका तरुण बाईनें घराच्या दारांत उभें राहून शिकविली. आपल्या बाजारपेठेस ती शिकण्यास तेरा वर्षें लागूं नयेत.